अफवेचा दोष इंटरनेटच्या माथी मारून सुटते कोण?

कुठे दगडफेक झाली, दोन समाजांत तणाव वाढला, की त्या दिवशी दोन गोष्टी हमखास घडतात. प्रशासन इंटरनेट बंद करण्याचा आदेश काढते आणि संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चेत कोणीतरी ज्येष्ठ विश्लेषक सांगतात की सोशल मीडियाने समाज नासवला. मंत्री तेच म्हणतात, पोलीस अधिकारी तेच म्हणतात, विहारात भेटणारी वडीलधारी मंडळीही तेच म्हणतात. आपल्या देशात इतके एकमत क्वचितच होते. आणि मंत्री, पोलीस व टीव्ही यांचे ज्यावर एकमत होते, त्याकडे चळवळीतल्या माणसाने जरा थांबून बघायला हवे.

खोटी माहिती इंटरनेटवरून पसरते हे खरेच आहे. तिच्यामुळे माणसे मेली आहेत. पण "इंटरनेटने केले" असे म्हटले की करणारा माणूस वाक्यातून गायब होतो. खोटे रचले कोणी, ते पसरवून फायदा कोणाचा झाला, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच खरे का वाटले, हे तिन्ही प्रश्न मग कोणी विचारत नाही. आम्हाला हे तीन प्रश्न विचारायचे आहेत. सुरुवात अशा एका प्रकरणापासून करू, ज्यात खोटे बौद्धांच्याच विरोधात होते.

११ ऑगस्ट २०१२. आसाम आणि म्यानमारमधील मुस्लिमांवरच्या हिंसेच्या निषेधार्थ मुंबईच्या आझाद मैदानात सभा होती. सभेला हिंसक वळण लागले. दोन जणांचा जीव गेला, पोलीस आणि पत्रकार जखमी झाले, वाहने जळाली, अमर जवान स्मारकाची नासधूस झाली. त्याआधी काही आठवडे मोबाइलवर आणि फेसबुकवर एक छायाचित्र फिरत होते. गडद लाल चीवरातले भिक्खू उभे आहेत आणि त्यांच्यासमोर मृतदेहांच्या रांगाच रांगा. खाली मजकूर असा की बर्मातल्या बौद्ध भिक्खूंनी केलेली ही मुस्लिमांची कत्तल.

छायाचित्र बर्माचे नव्हतेच. एप्रिल २०१० मध्ये तिबेटी पठारावरच्या युशू भागात मोठा भूकंप झाला, तेव्हाचे ते होते. तिथले भिक्खू मृतांचा सामूहिक अंत्यविधी करत होते. मेलेल्यांची सेवा करणारी माणसे खालच्या एका ओळीने मारेकरी ठरली. १७ ऑगस्टला लखनौच्या बुद्ध पार्कमध्ये बुद्धमूर्तीची तोडफोड झाली. त्याच पंधरवड्यात पुण्यात ईशान्य भारतीय तरुणांना मारहाण झाली आणि बंगळुरूहून हजारो ईशान्य भारतीय जीव मुठीत धरून गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. त्यांचा गुन्हा काय, तर चेहरा.

आता सरकारने काय केले ते बघा. देशभर एकगठ्ठा एसएमएसवर मर्यादा घातली, दिवसाला फक्त पाच. तीनशेहून अधिक लिंक आणि पाने बंद करण्याचे आदेश दिले. पुढे ती यादी अभ्यासकांच्या हाती लागली, तेव्हा लक्षात आले की हे छायाचित्र खोटे आहे असे पुराव्यासह दाखवून देणारे काही मजकूरही त्या यादीत होते. म्हणजे विषाबरोबर उताराही जप्त! "इंटरनेट दोषी" असे एकदा ठरवले की हातातली आयुधेही अशी आंधळी होतात.

त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती आणि ती बौद्ध वाचकांनी टाळू नये. छायाचित्र खोटे होते, पण त्या वर्षी जूनपासून म्यानमारच्या राखाइन प्रांतात हिंसा खरोखर चालू होती. तिथे रोहिंग्या मारले जात होते, राखाइन बौद्धही मारले गेले, आणि घरे सोडावी लागलेल्यांत रोहिंग्यांची संख्या फार मोठी होती. खोटे छायाचित्र खऱ्या दुःखावर स्वार होऊन मुंबईत आले. अफवा नेहमी अशीच येते, ती पूर्ण खोटी असती तर दारातूनच परत गेली असती.

म्यानमारकडे मुद्दाम वळतो आहोत, कारण इंटरनेटला दोष देणाऱ्यांचे सर्वात मोठे उदाहरण तेच आहे. लष्करी राजवटीत तिथे सिमकार्ड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. २०१४ च्या सुमारास परदेशी कंपन्या आल्या, सिमची किंमत दीड-दोन डॉलरवर आली, आणि काही वर्षांतच लोकांच्या दृष्टीने फेसबुक म्हणजेच इंटरनेट झाले. जुलै २०१४ मध्ये मंडाले शहरात एका मुस्लिम चहावाल्याने बौद्ध स्त्रीवर बलात्कार केल्याचा मजकूर फेसबुकवर फिरला. अशीन विराथू या भिक्खूने तो पुढे ढकलला. दंगल उसळली, एक बौद्ध आणि एक मुस्लिम असे दोघे मेले. पुढे ती तक्रारच बनावट निघाली. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांवर रोहिंग्या जीव वाचवत बांगलादेशात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने या सगळ्यात समाजमाध्यमांची भूमिका निर्णायक ठरल्याचे सांगितले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये आपण पुरेसे प्रयत्न केले नाहीत हे फेसबुकलाही मान्य करावे लागले. २०१५ च्या सुरुवातीला त्या कंपनीकडे बर्मी भाषेतला मजकूर तपासणारी माणसे होती अवघी दोन. देश पाच कोटींचा.

तेव्हा कंपनी निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिथला द्वेष फेसबुकने जन्माला घातला का? रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ढकलणारा कायदा १९८२ चा आहे. आणि मुस्लिमांच्या कटाची जी कथा तिथे घराघरात पोहोचली होती, ती तर ऐकण्यासारखी आहे. दक्षिण आशियातले मुस्लिम दुकानांवर ७८६ हा शुभ आकडा लिहितात. सात अधिक आठ अधिक सहा म्हणजे एकवीस. म्हणजेच एकविसाव्या शतकात देश ताब्यात घेण्याचा त्यांचा डाव! लोकसंख्येत मुस्लिम सुमारे चार टक्के. या बेरजेला उत्तर म्हणून ९६९ ही चळवळ उभी राहिली. बुद्धाचे नऊ गुण, धम्माचे सहा, संघाचे नऊ. आपण वंदनेत जे गुण रोज म्हणतो, तेच गुण दुकानांवरच्या स्टिकरवर आले आणि त्यांचा अर्थ झाला "इथूनच खरेदी करा, त्यांच्याकडून नको". ही कथा पसरली ती पुस्तिकांतून, प्रवचनांतून, डीव्हीडींवरून. सिमकार्ड महाग होते तेव्हाही ती फिरतच होती. पसरवणाऱ्यांच्या अंगावर चीवर होते, म्हणून लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. फेसबुक उशिरा आले आणि त्याला तयार शेत मिळाले.

पुढचा अंक तर डोळे उघडणारा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की लष्करातली शेकडो माणसे कलाकारांच्या आणि करमणुकीच्या नावाने फेसबुकवर बनावट पाने चालवत होती आणि त्यांवरून रोहिंग्यांविरुद्ध विष पेरत होती. त्याच लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता हिसकावली. लोक फेसबुकवरून निषेधाची हाक देऊ लागले. तीनच दिवसांत फेसबुक बंद! कारण काय दिले? देशाचे स्थैर्य, चुकीच्या बातम्या. ज्यांनी या माध्यमात खोटे ओतले, त्यांनीच खोट्याचे कारण पुढे करून ते बंद केले. इंटरनेटला शिव्या देणारा प्रत्येक सत्ताधारी म्यानमारच्या सेनापतीसारखा असतो असे आम्हाला म्हणायचे नाही. पण शिवी कोण देतो आहे आणि त्याने काल काय केले होते, हे विचारायची सवय लावून घ्यावी.

आता आपल्या महाराष्ट्रात या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठार केले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. देशभर बातमी झाली "व्हॉट्सॲपने घेतले पाच बळी". त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीची होती. मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेला तो जनजागृतीचा लघुपट होता. मोटरसायकलवरचे दोघे मुलाला उचलतात, आणि शेवटी मूल परत आणून सोडतात व संदेशाचा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या चित्रफितीत तो शेवट कापलेला होता. फोन आपणहून शेवट कापत नाही. ते काम माणसाने केले, विचार करून केले.

त्याहून महत्त्वाचे हे की तो संदेश राज्यातल्या लाखो फोनवर पोहोचला होता. बाजाराला त्या दिवशी परगावचे व्यापारी आले असतील, सरकारी कर्मचारी आले असतील. जमावाने हात घातला तो भटक्यांवर. का? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला, पण गावाच्या डोक्यातून तो गेला नाही. लहान मूल जेवत नसेल तर "झोळीवाला येईल, घेऊन जाईल" ही भीती आपल्याकडे अजूनही घातली जाते. त्या झोळीवाल्याचा चेहरा कोणाचा असतो, त्याची जात कोणती असते, हे सांगावे लागत नाही. व्हॉट्सॲपने फक्त सांगितले की तो आला आहे. कोण आला हे गावाने आधीच ठरवले होते. पाच मृत्यूंचा सगळा दोष एका ॲपवर टाकला की दीडशे वर्षांचा हा हिशेब मिटवल्यासारखा होतो, आणि भटक्यांना ओळखपत्र, घर, शाळा कधी देणार हा प्रश्नही बाजूला पडतो.

इंटरनेट नव्हते तेव्हा लोक शहाणे होते, ही समजूतही एकदा तपासून घ्यावी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. रुग्णालयात नेतात ते मारायलाच, असे गिरणगावात पसरले आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभरातले गणपती दूध प्यायले. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू करून तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि ते मोजक्या शहरांतल्या मोजक्या लोकांकडे होते. ती बातमी गेली लँडलाइनवरून, एसटीडी बूथवरून आणि टीव्हीवरून. पृष्ठताणामुळे दूध मूर्तीवरून ओघळते हे शास्त्रज्ञांनी आणि अंनिसच्या कार्यकर्त्यांनी दाखवले, तोवर चौकाचौकात रांगा लागल्या होत्या. शिकलेलेही त्या रांगेत होते, शिकलेले तर पुढेच होते.

आणि फारच मागे जायचे तर श्रावस्तीला जावे. उदानात सुंदरीची कथा आहे. बुद्धाचा वाढता मान सहन न झालेल्या परिव्राजकांनी सुंदरी नावाच्या परिव्राजिकेला जेतवनात वारंवार जायला सांगितले. ती तिथे जाते हे लोकांना दिसू लागले, तेव्हा तिचा खून करवून प्रेत जेतवनाच्याच खंदकात पुरले. मग सुंदरी हरवल्याची तक्रार राजाकडे केली, शोधाचे नाटक केले, प्रेत उकरले आणि तिरडीवर घालून गल्लोगल्ली मिरवले की पाहा, शाक्यपुत्र श्रमणांचे काम पाहा. आधी पुरावा पेरायचा, मग तोच सापडल्याचा देखावा करायचा, मग प्रेताचे राजकारण करायचे. आजच्या कोणत्याही आयटी सेलला यात नवीन काही शिकवता येणार नाही. बुद्धाने भिक्खूंना सांगितले की ही ओरड सात दिवस टिकेल, मग विरेल. तसेच झाले.

इथेच आम्हाला इंटरनेटचा खरा गुन्हा दिसतो. त्याने खोटे जन्माला घातले नाही. त्याने सात दिवसांची मुदत काढून टाकली. आज एखादी अफवा विरते आणि सहा महिन्यांनी नव्या तारखेसह, नव्या जिल्ह्याच्या नावाने पुन्हा येते. शिवाय तिच्यावर कोणी पैसा कमावतो. फेसबुकने २०१७ पासून काही वर्षे रागाच्या चिन्हाला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते, म्हणजे ज्या मजकुराने माणूस चिडतो तो जास्त लोकांपुढे जावा अशी रचनाच होती. कंपनीच्या आतल्या कागदपत्रांतून हे २०२१ मध्ये बाहेर आले. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच, व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. करता येत होते ना? मग आधी का केले नाही? कंपन्यांना धरायचे तर असे नेमके धरावे, यंत्राच्या कोणत्या कळीवर बोट ठेवायचे ते सांगून. "सोशल मीडिया वाईट" असे म्हणून कंपनीचे काही बिघडत नाही, उलट तिला ते बरेच पडते.

इंटरनेटला दोष देण्याच्या या सुरात आणखी एक जण सुटतो, तो म्हणजे प्रस्थापित माध्यमे. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. महिनाभर मोठ्या वृत्तपत्रांना ती बातमी वाटली नाही. जे थोडे छापून आले त्यात सूर होता अनैतिक संबंधांचा. हे खोटे कोणत्या ॲपवर तयार झाले? ते गावात तयार झाले, पोलीस ठाण्याच्या वाटेने वार्ताहराच्या वहीत उतरले आणि शाईत छापले गेले. भैयालाल भोतमांगे यांचे खरे म्हणणे, शेतीचे भांडण, पोलिसांत दिलेली साक्ष आणि मुळाशी असलेली जात, हे सारे बाहेर आणले सत्यशोधन समित्यांनी, कार्यकर्त्यांच्या पत्रकांनी, ई-मेलने आणि ब्लॉगने. नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्यामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचे सूचित केले. कटाची कथा म्हणतात ती हीच. दुःखाने पेटलेला समाज आपणहून रस्त्यावर येऊच शकत नाही, कोणीतरी त्याला चावी दिलेली असणार, ही ती कथा. ती व्हॉट्सॲपवरच्या कोणा रिकामटेकड्याने रचली नव्हती.

म्हणून सरकारने "खरे-खोटे आम्ही ठरवू" म्हटले की आमच्या अंगावर काटा येतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून, सरकारी कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे ठरवणारे सत्यता तपासणी पथक नेमण्याची सोय केली. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिसूचनेला स्थगिती दिली. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, मग तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द ठरला. चांगले झाले. आता मनातल्या मनात २००६ मध्ये जा आणि असे पथक तेव्हा होते अशी कल्पना करा. खैरलांजीत जातीय अत्याचार झाला, असे लिहिणाऱ्या ब्लॉगवर त्याने कोणता शिक्का मारला असता? २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तो जातीचा नव्हे, सूडाचा प्रकार मानला. अधिकृत कागद प्रमाण धरायचा तर आपला सगळा समाज आजही "फेक न्यूज" पसरवतो आहे.

इंटरनेट बंद करण्याचेही तसेच. ३ मे २०२३ ला मणिपूर पेटले आणि तिथे इंटरनेट बंद झाले. कारण अर्थातच अफवा. दिल्ली परिसरातल्या एका जुन्या खुनातले छायाचित्र मैतेई मुलीवरच्या अत्याचाराचे म्हणून त्या दिवसांत फिरले आणि त्याचा सूड म्हणून कुकी स्त्रिया लक्ष्य झाल्याचे सांगितले गेले. ४ मेला दोन स्त्रियांची जमावाने विवस्त्र धिंड काढली. इंटरनेट बंद असल्याने अफवा थांबली नाही, ती तोंडी गेली. अडकली ती खरी बातमी. गुन्हा मे महिन्यातच नोंदलेला होता. चित्रफीत बाहेर आली १९ जुलैला, अडीच महिन्यांनी, आणि पहिली अटक झाली त्यानंतर. अफवेला रेंज लागत नाही. पुराव्याला लागते.

इथवर सगळा दोष बाहेरचा झाला. पण हा लेख चळवळीतल्या तरुणांसाठी आहे, तेव्हा घरातले एक उदाहरण घ्यावेच लागेल. तेही इंटरनेटच्या आधीचे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मधुमेह, पायांच्या वेदना, वर्षानुवर्षांचे जागरण, हे सारे जवळच्यांना ठाऊक होते. तरीही कुजबूज सुरू झाली की हा मृत्यू साधा नाही. बोट दाखवले गेले ते माईसाहेबांकडे. त्या जन्माने सारस्वत ब्राह्मण, त्या डॉक्टर, आणि त्यांच्या हातून औषधे. कटाच्या कथेला लागणारे सगळे सामान तयार होते. सरकारने चौकशी केली, घातपाताचा पुरावा मिळाला नाही. कुजबूज थांबली नाही. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहून ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्या माईसाहेबांना पुढची कितीतरी वर्षे चळवळीपासून दूर, जवळपास एकांतात काढावी लागली. 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचे आत्मकथन १९९० मध्ये आले, २००३ मध्ये त्या गेल्या.

आणि एक कागद होता. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली होती. आजारपणात आपल्याला जगवून हा ग्रंथ पुरा करता आला, याचे श्रेय त्यांनी त्यात पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. ती वाचकांपर्यंत पोहोचायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. ज्या वर्षांत कुजबूज घट्ट होत होती, त्या वर्षांत तिला उत्तर देणारे बाबासाहेबांचे स्वतःचे शब्द लोकांच्या हातात नव्हते. आज ती प्रस्तावना इंटरनेटवर कोणालाही वाचता येते. आणि तीच जुनी कुजबूज आज यूट्यूबवर "खळबळजनक सत्य" म्हणून लाखोंपुढे वाजते आहे. एकाच फोनमध्ये दोन्ही आहेत. मग इंटरनेटला काय म्हणायचे?

आमच्या मते खरी अडचण ही आहे की शोषिताला कटाची कथा लवकर पटते, आणि त्याला कारण आहे. आपल्याविरुद्ध खरेच कट झाले आहेत, खरेच फायली दाबल्या गेल्या आहेत. खैरलांजी पाहिलेल्या माणसाला "सरकारवर विश्वास ठेवा" असे सांगणे हा विनोद आहे. पण संशय घेणे वेगळे आणि संशयालाच पुरावा मानणे वेगळे. कालाम सुत्ताचे जे रूप पोस्टरवर आणि स्टेटसवर फिरते, त्यात बुद्धाने म्हणे सांगितले की कशावरही विश्वास ठेवू नका, फक्त स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना. मूळ सुत्तात असे नाही. तिथे ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ आणि गुरूचा मान यांच्या बरोबरीने निव्वळ तर्क आणि आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणून पटणे, हेही पुरेसे नसल्याचे सांगितले आहे. मग कसोटी कोणती? ते मानून वागले की लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो, सुज्ञ लोक त्याची निंदा करतात की नाही, हे स्वतः पाहून ठरवा. म्हणजे सगळ्यात अवघड भाग पोस्टरवरून गळला आणि "मला पटले म्हणजे खरे" एवढेच उरले. कटाच्या कथांवर विश्वास ठेवणारा प्रत्येक माणूस नेमके हेच म्हणतो.

छोटी उदाहरणे तर रोजची आहेत. कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना जगातले पहिल्या क्रमांकाचे विद्वान जाहीर केले, हा संदेश दर १४ एप्रिलला येतो. विद्यापीठाने २००४ मध्ये आपल्या अडीचशेव्या वर्षानिमित्त काळाच्या पुढे असलेल्या कोलंबियाकरांची यादी केली आणि तीत बाबासाहेब सन्मानाने आहेत, हे खरे. ती दहावीच्या निकालासारखी गुणवत्ता यादी नव्हती. खरे इतके मोठे असताना त्याला खोटी पदवी कशाला चिकटवायची? विरोधक ती एक खोटी ओळ पकडतो आणि तिच्यासोबत आपले सगळे खरे बोलणेही कचऱ्यात टाकतो. भीमा कोरेगाव असो की आरक्षण, आपल्या बाजूचा प्रत्येक दावा आधीच दुप्पट संशयाने पाहिला जातो. प्रस्थापित वाहिनीची चूक एका खुलाशावर भागते, आपली एक चूक वर्षभर दाखवली जाते. हा न्याय नाही, पण परिस्थिती हीच आहे.

त्यामुळे या पावसाळ्यात, वर्षावासात विहारांमधून ग्रंथवाचन सुरू होईल, तेव्हा युवक मंडळांनी एक काम अंगावर घ्यावे असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांच्या नावाने ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली दोनच शब्द लिहायचे: खंड? पान? ज्याने पाठवले त्याचा अपमान करायचा नाही, काका-मामा असतील तर जय भीम करून विचारायचे. उत्तर आले नाही तर आठवड्यातून एकदा चार जणांनी बसून ते वाक्य शोधायचे आणि सापडले किंवा सापडले नाही, जे असेल ते त्याच ग्रुपवर टाकायचे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले लेखन आणि भाषणांचे खंड ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर विकत मिळतात. तोवर थांबायचे नसेल तर इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि ते फोनवर उतरवून घेता येतात.